वरचा रस्ता तुटला, खालचा बुजला

२६ मार्च २०२४. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजत आले होते, तर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये रात्रीचा दीड. ‘डाली’ नावाचं कंटेनर जहाज तिथल्या ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पुलाच्या खांबाला धडकलं आणि काही सेकंदांत पूल पाण्यात गेला. दुपारच्या जेवणापर्यंत तो व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला होता. पूल पडताना सगळ्यांनी पाहिला. पडल्यानंतर नेमकं काय काय अडलं, कुणाचं अडलं आणि किती दिवस अडलं, याकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. खरा गुंता तिथेच आहे.

आधी जागा समजून घेऊ. बाल्टिमोर थेट समुद्रावर नाही. अटलांटिकमधून येणारं जहाज चेसापीकच्या लांबलचक उपसागरातून वर येतं, मग पटॅप्स्को नदीच्या रुंद मुखातून आत शिरतं आणि बंदराला लागतं. या मुखावर १९७७ साली अडीच किलोमीटरहून थोडा लांब असा हा पूल उभा राहिला. वरून शहराभोवतीचा रिंग रोड जायचा, त्याचं नाव आय-६९५. खालून जहाजं जायची. बंदराचे बहुतेक धक्के पुलाच्या आतल्या बाजूला. म्हणजे एकाच ठिकाणी दोन वाटा, एक वर आणि एक खाली.

पण या दोन वाटांत मोठा फरक होता. वरून जाणाऱ्या गाडीला खाडी ओलांडायचे आणखी दोन मार्ग होते, पाण्याखालून जाणारे दोन बोगदे. खालून जाणाऱ्या जहाजाला दुसरा मार्गच नव्हता. पुढे जे जे घडलं ते या एका फरकातून घडलं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता वीज जाण्यापासून पूल पडेपर्यंतची ती चार मिनिटं. डाली सुमारे ३०० मीटर लांब, म्हणजे मुंबईच्या बारा डब्यांच्या लोकलपेक्षाही मोठं धूड. कोलंबोला निघालं होतं. मालासकट वजन सुमारे १ लाख १२ हजार टन. धक्क्यावरून बाहेर काढायला दोन टग, म्हणजे मोठ्या जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या दणकट बोटी होत्या, पण जहाज मुख्य मार्गाला लागल्यावर त्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे परत गेल्या. एक वाजून पंचवीस मिनिटांच्या सुमाराला जहाजातली वीज गेली. थोड्या वेळात आली आणि परत गेली. वीज नाही म्हणजे इंजिन नाही, सुकाणूही नीट चालत नाही. जहाजाला वाट दाखवायला चढलेल्या बंदराच्या पायलटने टग मागवल्या, नांगर टाकायला लावला, पूल बंद करा असा निरोप वायरलेसवरून धाडला. पोलिसांनी दोन्ही टोकांना गाड्या अडवल्या, म्हणून कितीतरी जीव वाचले. पण पुलावर खड्डे बुजवणारे सात कामगार आणि एक निरीक्षक होते. कामगार मधल्या सुट्टीत आपापल्या गाड्यांत बसलेले. दुसरी पोलीस गाडी आली की वर जाऊन त्यांना सांगायचं, असं एक पोलीस रेडिओवर बोलत होता, तेवढ्यात पूल गेला. निरीक्षक धावत सुटला म्हणून वाचला, एक कामगार पाण्यातून जिवंत निघाला, सहा जण गेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्व्हादोर, होंडुरास इथून पोटासाठी आलेली माणसं. पोलिसांना कळवलं त्याच वेळी त्यांनाही कळवलं असतं तर त्यांना बहुधा सुरक्षित भागात पोहोचता आलं असतं, असं अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी यंत्रणेने नंतर म्हटलं.

वीज का गेली, याचं उत्तर मिळायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. एनटीएसबीच्या निष्कर्षानुसार मूळ कारण होतं सैल बसलेली एक वायर. प्रत्येक वायर ओळखू यावी म्हणून तिच्यावर नावाची छोटी पट्टी चढवतात. ही पट्टी टोकाच्या फार जवळ बसली होती, त्यामुळे वायर तिच्या खाचेत पुरती आत गेलीच नाही. कुठल्याही इलेक्ट्रिशियनला विचारा, हे दुखणं घरच्या स्विचबोर्डातही सापडेल. दुसऱ्यांदा वीज जाण्याचं कारण वेगळं होतं. जनरेटरना इंधन पुरवायला त्या कामासाठी नसलेला पंप जोडला होता, आणि एकदा बंद पडल्यावर तो आपोआप सुरू होणारा नव्हता.

जहाजाचा वेग धडकेच्या वेळी साडेसहा नॉट, म्हणजे ताशी बारा किलोमीटर. निवांत सायकल चालवणाऱ्याचा वेग. एवढ्याने पूल कसा पडेल? वजन धरून हिशेब करून पाहिला. ४० टनांचे ४० ट्रक ताशी १०० किलोमीटरने एकाच वेळी एकाच खांबावर आदळले तर जेवढा दणका बसेल, साधारण तेवढा. त्यात हा पूल लोखंडी कैच्यांचा, म्हणजे आडव्या-तिरप्या पट्ट्या जोडून केलेल्या सांगाड्यांचा होता आणि त्याचे मुख्य गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, एकमेकांत अखंड जोडलेले होते. मधला गाळा ३६६ मीटरचा. अशा रचनेत लोखंड कमी लागतं, पूल हलका आणि ताठ राहतो, पण एक खांब गेला की त्याच्यावर टेकलेले गाळे शेजाऱ्यालाही ओढून नेतात. व्हिडिओत पूल एका बाजूने दुसरीकडे लाटेसारखा पडत जाताना दिसतो तो यामुळे.

१९८० साली ‘ब्लू नागोया’ नावाचं जहाज वीज जाऊन याच पुलाला धडकलं होतं. पुलाला फारसं काही झालं नाही, कारण ते डालीच्या मानाने अगदीच छोटं होतं. त्याच वर्षी फ्लोरिडात टॅम्पाच्या खाडीवरचा सनशाइन स्कायवे पूल जहाजाच्या धडकेने पडला आणि ३५ माणसं मेली. त्यानंतर अमेरिकेत नव्या पुलांसाठी नियम आले, खांबांभोवती भक्कम संरक्षण असावं म्हणून. जुन्या पुलांना मात्र ते लागू करणं ऐच्छिक राहिलं. जहाजं चाळीस वर्षांत फुगत गेली, खांब तिथेच राहिले. ‘की’ पुलाचा धोका स्वीकारार्ह मर्यादेच्या जवळपास तीस पट होता, हे गणित एनटीएसबीने मार्च २०२५ मध्ये मांडलं. ते आधी मांडण्यासाठी लागणारी माहिती उपलब्ध होती. कुणी मांडलंच नाही.

आता मूळ मुद्दा, खालची वाट. पूल पडला तेव्हा सुमारे ५० हजार टन लोखंड आणि काँक्रीट पाण्यात गेलं, तेही नेमकं जहाजांच्या चॅनेलमध्ये. चॅनेल म्हणजे तळ उपसून ५० फूट खोल ठेवलेला पाण्यातला रस्ता. बाजूचं पाणी दिसायला तसंच असतं, पण उथळ. मोठं जहाज तिथून नेलं तर गाळात रुतणार. त्यामुळे नदी एवढी रुंद असूनही आतली जहाजं आत अडकली आणि बाहेरची बाहेरच राहिली. आत अडकलेल्यांत अमेरिकी सरकारची राखीव मालवाहू जहाजंही होती, युद्धप्रसंगी वापरायला ठेवलेली.

बाल्टिमोर बंदरातून २०२३ मध्ये परदेशी व्यापाराचा ५ कोटी २३ लाख टन माल गेला-आला, किंमत ८० अब्ज डॉलर. पण सगळा माल एकाच तऱ्हेने अडत नाही.

कंटेनरचं दुखणं त्यातल्या त्यात हलकं. कंटेनर कुठल्याही बंदरात उतरवता येतो. बाल्टिमोरकडे निघालेले नॉरफोकला किंवा न्यूयॉर्क-न्यू जर्सीला उतरले, आणि तिथून बाल्टिमोरपर्यंत रेल्वे कंपन्यांनी खास गाड्या सोडल्या. बाल्टिमोर कंटेनरसाठी तसं मध्यम बंदर, त्यामुळे शेजाऱ्यांनी तो भार उचलला. ‘अमेरिकेचा व्यापार ठप्प’ असे मथळे तेव्हा इकडेही झळकले. तसं काही झालं नाही. ज्याचा माल होता त्याला मात्र झळ लागली. काही शिपिंग कंपन्यांनी सांगून टाकलं की माल दुसऱ्या बंदरात उतरवला, आमचं काम संपलं, पुढे कसा न्यायचा ते तुम्ही बघा. ट्रकचं भाडं, गोदामाचं भाडं, उशीर, सगळं व्यापाऱ्याच्या खात्यात.

मोटारींचं वेगळं. मोटारी आणि हलके ट्रक हाताळण्यात बाल्टिमोर २०२३ मध्ये अमेरिकेत पहिलं होतं, साडेआठ लाखांच्या आसपास. या गाड्या ज्या जहाजातून येतात त्यात क्रेन लागत नाही, ड्रायव्हर गाडी चालवत बाहेर काढतो. ऐकायला सोपं वाटतं, पण उतरलेल्या हजारो गाड्या उभ्या करायला मैदानं लागतात, त्या तपासायला आणि त्यांना राहिलेले सुटे भाग बसवायला केंद्रं लागतात, शिवाय शेजारी रेल्वेचा फाटा लागतो. हे सगळं दुसऱ्या बंदरात चार दिवसांत उभं राहत नाही. ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं यांचंही तसंच. अमेरिकेच्या मध्य भागातल्या शेतीपट्ट्याला पूर्व किनाऱ्यावरचं सगळ्यात जवळचं बंदर हेच, आणि अपघात झाला ऐन वसंतात, हंगामाच्या तोंडावर. नशिबाने स्पॅरोज पॉइंट हा एक धक्का पुलाच्या समुद्राकडच्या बाजूला होता. तो चालू राहिला आणि काही मोटारवाहू जहाजं तिकडे वळली. पुलाच्या अलीकडे असणं आणि पलीकडे असणं, एवढ्यावर कुणाचा धंदा चालणार नि कुणाचा बसणार हे ठरलं.

सगळ्यात अडकला तो कोळसा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एकूण कोळसा निर्यातीपैकी २८ टक्के बाल्टिमोरमधून गेला. खाणीपासून बंदरापर्यंत ठरलेली रेल्वे, ठरलेले यार्ड, वाघिणी उलथ्या करणारी यंत्रं, असा एक अख्खा पट्टा असतो. तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. थोडाफार नॉरफोककडे वळवला, बाकीचा थांबला. आणि इथे आपला संबंध येतो. या कोळशाचं एक मोठं गिऱ्हाईक भारत आहे, त्यातही वीटभट्ट्या. बाल्टिमोरचा खांब पडल्यावर उत्तर भारतातला भट्टीवाला कोळशाचा भाव विचारू लागतो, ही साखळी मला तरी तोवर ठाऊक नव्हती.

बंदरातला माणूस कुणाच्या मथळ्यात नव्हता. जहाज आलं तर हमालीचं काम, काम झालं तर मजुरी. बंदरावर थेट अवलंबून असलेले रोजगार १५ हजारांहून जास्त. बाल्टिमोर ज्यात येतं त्या मेरिलँड राज्याने दोन आठवड्यांच्या आत कायदा करून त्यांच्यासाठी मदतीची सोय केली, ते बरं केलं.

मग चॅनेल उघडायचं कसं? पाण्यातला ढिगारा हा जमिनीवरच्या ढिगाऱ्यासारखा नसतो. पाणी इतकं गढूळ की पाणबुड्याला हातभर अंतरावरचं दिसेना. सोनार नावाच्या यंत्राने आवाजाच्या लहरी सोडून चित्र काढायचं आणि वरून कुणीतरी ते पाहून पाणबुड्याला कुठे हात घालायचा ते सांगायचं. लोखंडी कैच्या एकमेकांत पिळून अडकलेल्या, काही भाग गाळात खोल रुतलेला. पिळलेल्या लोखंडात ताण साठलेला असतो. चुकीच्या जागी कापलं तर ते झटकन उसळतं, आणि समोर माणूस असतो. म्हणून आधी अभ्यास, मग थोडं कापायचं, मग १००० टन उचलणाऱ्या तरंगत्या क्रेनने तो तुकडा वर घ्यायचा. घाईला जागाच नाही. शिवाय बुडालेल्या कामगारांचा शोधही चालूच होता. शेवटचा मृतदेह मिळाला तो मे महिन्यात.

पाण्यातला रस्ता एका दिवसात फीत कापून सुरू होत नाही. तो खोलीखोलीने उघडतो. १ एप्रिलला कडेने ११ फूट खोलीची वाट मिळाली. त्यातून फक्त टग आणि बार्ज, म्हणजे सपाट तळाचे मालवाहू तराफे, जाऊ शकत होते. आणखी दोन पर्यायी वाटा निघाल्या, थोड्या खोल. २५ एप्रिलला ३५ फुटांची वाट उघडली आणि महिनाभर अडकलेली काही जहाजं बाहेर पडली. तेवढ्यावर छोटी-मध्यम जहाजं भागवतात, पण भरलेल्या कंटेनर जहाजाला ती पुरत नाही. आणि मधोमध डाली तशीच उभी. तिच्या नाकावर पुलाची अख्खी कैची, तिच्यासोबत वरच्या डांबरी रस्त्याचे तुकडेसुद्धा. १३ मे रोजी छोटे सुरुंग लावून ती कैची तोडली, २० मे रोजी भरतीच्या वेळी डाली हलवली आणि १० जूनला ७०० फूट रुंद, ५० फूट खोल चॅनेल पूर्ववत झालं. अकरा आठवडे. इतक्या कामाला हे खरंच लवकर म्हणायचं.

डालीवरचे खलाशी कोण होते, हे तेव्हा आपल्या बातम्यांत आलं होतं. एकवीसपैकी वीस भारतीय, एक श्रीलंकेचा. जहाज अडकलं म्हणून ते सुटले नाहीत. जनरेटर चालवायचे, पंप बघायचे, आणि किनाऱ्यावर उतरायला परवाने नाहीत. तपास यंत्रणेने त्यांचे फोन काढून घेतले. सुरुंग उडवले तेव्हाही ते जहाजावरच होते. म्हणजे जवळजवळ दोन महिने डोळ्यांसमोर पडका पूल, दूर शहराचे दिवे, आणि घरी बोलायला दुसऱ्याचा फोन. जूनमध्ये काहींना मायदेशी जाता आलं, काहींना चौकशीसाठी मागे राहावं लागलं. समाजमाध्यमांवर मात्र भारतीय खलाशांची टिंगल करणारी चित्रं पहिल्याच आठवड्यात फिरत होती. त्या चित्रकारांना ती सैल वायर कुणी दाखवायला हवी होती.

पैशाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. समजा डालीवरच्या चार हजार सातशेच्या आसपास कंटेनरांपैकी एक तुमचा होता. माल धड आहे, ओरखडाही नाही. तरी जहाज सोडवायच्या खर्चात तुम्हाला वाटा द्यावा लागतो. याला दर्यावर्दी व्यवहारात ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात, आणि डालीच्या मालकांनी एप्रिलमध्ये ते जाहीर केलं. कल्पना फार जुनी आहे. वादळात जहाज वाचवायला एकाचा माल समुद्रात फेकला, तर ज्यांचा वाचला त्यांनी मिळून त्याची भरपाई करायची. वाट्याची हमी भरल्याशिवाय कंटेनर हातात मिळत नाही. मालाचा विमा असेल तर विमा कंपनी निस्तरते. नसेल तर पहिल्यांदा निर्यात करणारा माणूस डोक्याला हात लावतो. दुसरीकडे मालकांनी १८५१ च्या एका अमेरिकी कायद्याचा आधार घेऊन आपली जबाबदारी ४ कोटी ३७ लाख डॉलरपुरतीच धरा असा अर्ज केला. नुसती साफसफाई त्याच्या कितीतरी पलीकडे गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकी सरकारशी सुमारे १० कोटी २० लाख डॉलरवर तडजोड झाली, तीही फक्त सरकारच्या खर्चापुरती.

राहिला वरचा रस्ता. पुलावरून रोज ३० हजारांहून जास्त गाड्या जायच्या. त्या त्याच दिवसापासून दोन बोगद्यांत वळल्या. आकडा ऐकून वाटतं, दोन बोगद्यांत वाटून घेतल्या की झालं. पण रस्ता जवळजवळ भरलेला असताना त्यात आणखी थोड्या गाड्या घातल्या की खोळंबा थोडा वाढत नाही, एकदम वाढतो. पुढची गाडी जरा थबकली की मागच्या शंभर थबकतात, आणि बोगद्याच्या तोंडाशी तर सगळेच आपोआप वेग कमी करतात.

त्यातही ज्यांना बोगदा वर्ज्य आहे त्यांचं काय? पेट्रोल, गॅस, रसायनांचे टँकर बोगद्यात नेता येत नाहीत, कारण आत आग लागली तर पळायला जागा नसते. उंच किंवा अवाढव्य माल बोगद्याच्या छताखालून जात नाही. या गाड्यांसाठी ‘की’ पूल हाच रस्ता होता. आता त्यांना शहराच्या पश्चिमेकडून रिंग रोडचा अख्खा वळसा. डिझेल जास्त, वेळ जास्त, दिवसाच्या फेऱ्या कमी. फेरीवर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरला हे थेट खिशातून जातं. नदीच्या एका काठाला घर आणि दुसऱ्या काठाला कारखाना असलेल्यांचंही तेच. हा खर्च कुठल्या एका बिलात दिसत नाही, म्हणून त्याची ओरडही होत नाही.

आणि इथेच पाणी आणि रस्ता यांचं गणित उलटं होतं. जहाजांचं सगळंच अडलं होतं, पण ढिगारा काढला की वाट मोकळी, म्हणून ते अकरा आठवड्यांत सुटलं. गाड्यांना पर्याय होता, पण ढिगारा काढून गाडीची वाट मोकळी होत नाही. नवा पूल बांधावा लागतो. सुरुवातीला १७० ते १९० कोटी डॉलर आणि २०२८ असं सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने सुधारित अंदाज दिला, ४३० ते ५२० कोटी डॉलर आणि २०३० ची अखेर. नवा पूल पोलादी दोरांवर तोललेला, मधला गाळा आधीपेक्षा कितीतरी लांब, म्हणजे खांब चॅनेलपासून दूर. जहाजांसाठी खालची मोकळी उंची १८५ फुटांवरून २३० फूट. खांबांभोवती भक्कम संरक्षण, जे आधीच्या पुलाला जवळपास नव्हतंच.

तोवर कोलंबोकडे निघालेलं एखादं जहाज रात्री तिथून सरळ निघून जाईल, डोक्यावर काहीच नसताना. आणि पेट्रोलचा टँकर पश्चिमेकडून वळसा घालत असेल.